पिवळे टॉवेल

पिवळ्या टॉवेलांचा गठ्ठा आमच्या सोप्यात येऊन पडला, तेव्हा माझ्या सासूबाई पूर्वाच्या जिभेला वेखंड लावत होत्या. पूर्वानं तोंड वेडंवाकडं केलं, पण रडली नाही. आधी आजीच्या बोटाकडं आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"एवढं कशाला आणलास रं?" आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं.

"कमी पडाय नकोत," माझा दीर प्रसन्नजित म्हणाला. "एक टॉवेल हलला तर त्यो ओळखंल. सगळी गॅलरी हलली, तर कुठला खरा आणि कुठला खोटा ते त्याच्या बापालाबी कळायचं न्हाई."

सोप्यात बसलेले तालमीचे लोक हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. कुणीतरी सयाजीची नक्कल म्हणून तोंडानं 'आ आ' असा आवाज काढला आणि हशा आणखी वाढला. पूर्वा हसणाऱ्यांकडं बघून हसायला लागली.

आमच्या कोल्हापुरात पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलची टीम असते. वर्ल्ड कप आला की अर्धं गाव ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं, पण ते चार वर्षांतून एकदा. एरवी माणूस तालमीचा असतो. मी साताऱ्याची, बीएस्सी होऊन या घरात आले. आल्यावर पहिल्याच महिन्यात मला कळलं की मी फक्त मान्यांची सून नाही, वाघजाई तालमीचीही सून आहे. आबा तालमीचे अध्यक्ष, नवरा धैर्यशील टीमचा गोलकीपर. त्या दिवशी दुपारी फायनल होती. समोर बिरोबा तालीम होती, आणि बिरोबाकडं सयाजी गवंडी होता.

सयाजीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळं मैदानावर एकच अडचण व्हायची. रेफ्रीची शिट्टी झाली तरी हा पाठमोरा धावत सुटायचा. म्हणून त्याची थोरली बहीण इंदूआक्का समोरच्या टीमच्या गोलामागं पिवळा टॉवेल घेऊन उभी राहायची. शिट्टी झाली की टॉवेल वर. सयाजी टॉवेल बघायचा आणि थांबायचा. मध्यंतरात बाजू बदलल्या की इंदूआक्का साडीचा पदर खोचून मैदानाला वळसा घालायची आणि दुसऱ्या गोलामागं जाऊन उभी राहायची. हे साऱ्या गावाला माहीत होतं. मॅचनंतर तालमी-तालमींत डोकी फुटली असतील, पण त्या टॉवेलाच्या वाटेला कुणी कधी गेलं नव्हतं. पिवळा टॉवेल घेऊन कुणी स्टेडियममध्ये येतही नसे.

आता आमच्या सोप्यात गठ्ठा पडला होता.

"बहिऱ्याला फशिवणं काय अवघड हाय," प्रसन्नजित म्हणाला. मी ट्रे तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि आत आले.

पूर्वा पावणेदोन वर्षांची झाली होती आणि अजून 'आई' म्हणाली नव्हती. वेखंड झालं होतं, शंखातलं पाणी पाजून झालं होतं, सासूबाईंचा नवस बोलून झाला होता. मिरजेला लहान मुलांचे कान मशीनवर तपासतात असं मला कळलं होतं, आणि पूर्वाला तिथं नेऊ या म्हणून मी महिनाभर घरच्यांच्या मागं लागले होते. आबांनी एका वाक्यात विषय संपवला होता. आमच्या घराण्यात बहिरं कोण न्हाई, मिरजेला जाऊन पोरीवर शिक्का मारून आणू नका.

आत्तींकडं तर पुरावा होता. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या म्हणायच्या, "दार वाजलं की आधी तिचीच मान वळती, बघितलंय की मी." ते खरं होतं. पेठेतल्या डॉक्टरांनीही पूर्वाला माझ्या मांडीवर बसवून तिच्या पाठीमागं घंटी वाजवली होती, आणि ती लगेच वळली होती. डॉक्टर म्हणाले होते, उशिरा बोलतात काही मुलं, तुम्ही शिकलेल्या बायका फार काळजी करता. पण घरात आम्ही दोघीच असलो आणि मी स्वयंपाकघरातून हाक मारली, तर ती वळत नसे. मागं डबा आपटला तरी नाही. मी हे सांगितलं की आत्ती म्हणायच्या, "चारचौघांत ऐकती. तुझ्याम्होरं नाटकं करती. आईला खेळवती ती."

रोज तेच ऐकून मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला होता. पोरीला ऐकू येतं की मीच वेडी आहे, एवढंच मला कळायला हवं होतं.

माडीवर धैर्यशील बोटांना चिकटपट्टी गुंडाळत बसला होता.

"टॉवेलाचं तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"प्रसन्नचं डोकं हाय ते. आबा हो म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"खेळात समोरच्याचं दुखणं हेरावंच लागतं, मृदुला."

"उद्या आपल्या पोरीचं हेरतील."

त्याचा हात थांबला. "ती बहिरी न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग मिरजेला चला. तिथंही तेच सांगतील. घाबरता कशाला?"

"फायनल होऊ दे," तो म्हणाला. त्या हंगामात माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं हेच उत्तर होतं.

दुपारी मी पूर्वाला फ्रॉक घातला तेव्हा आत्ती आडव्या आल्या. पोरीला स्टेडियममध्ये कशाला नेतीस, तिथं सुतळी बॉम्ब उडवतात, कानठळ्या बसतील तिच्या.

"बसू देत की," मी म्हटलं. "बसल्या तर तुमचा नवस फिटला."

मी आत्तींना असं उलटून कधी बोलले नव्हते. त्यांनी चपला घातल्या. "मीबी येतो," म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो' म्हणतात, त्याची मला एव्हाना सवय झाली होती. "पोरगी दचकली तर घिऊन घराकडं येतो."

खेळाडूंच्या घरच्यांना गॅलरीच्या खालच्या पायऱ्यांवर जागा असायची. वर आमची पेठ बसली होती, निळे झेंडे, हलगी आणि प्रत्येकाच्या मांडीखाली दडवलेला पिवळा टॉवेल. मी पूर्वाच्या हातात बिस्कीट दिलं आणि तिला मांडीवर माझ्याकडं तोंड करून बसवलं.

मी सयाजीला आधी दोन-तीनदा खेळताना बघितलं होतं, पण जवळून नाही. बुटका, पायांनी थोडा फेंगडा, डावखुरा. बघणाऱ्याला वाटावं हा पानाच्या टपरीवरून थेट उठून आलाय. पण बॉल त्याच्याकडं यायच्या आधी तो एक करायचा. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखा आधी एका खांद्यावरून मागं बघायचा, मग दुसऱ्या. परत बघायचा. बॉल पायाशी पोचेपर्यंत कोण कुठं आहे ते त्याला पाठ झालेलं असायचं. मग बॉल पायाला लागला की मांजर गादीवर बसावं तसा बसायचा. आवाज नाही, उसळी नाही. आमचा बचावातला स्टॉपर बबलू त्याच्या अंगावर गेला आणि सयाजी त्याच्या शेजारून असा निघून गेला, की बबलू दोन पावलं मोकळ्या हवेला धक्का देत राहिला.

समोर फक्त धैर्यशील होता. आणि आमची गॅलरी उठली. खालपासून वरपर्यंत पिवळे टॉवेल.

सयाजी थांबला. बॉलवर पाय ठेवून उभा राहिला. बबलूनं मागून येऊन बॉल काढून घेतला तरी त्याला कळलं नाही. गोलामागं इंदूआक्का दोन्ही हात हलवून नाही, नाही करत होती. गॅलरी हसत होती. हलगीवाल्यानं त्या हशावर ठेका धरला.

थोड्या वेळानं खरीच शिट्टी झाली, ऑफसाइडची. इंदूआक्कानं टॉवेल वर केला. या वेळी सयाजीला तो खोटा वाटला. तो तसाच पुढं गेला आणि बॉल जाळ्यात घातला. रेफ्री बाहेरगावचा होता. त्यानं सयाजीला पिवळं कार्ड दाखवलं. अजून एकदा असं झालं की लाल, आणि सयाजी बाहेर. आमची गॅलरी रेफ्रीच्या नावानं जयजयकार करायला लागली.

मला वाटलं, हा आता भांडेल. तो गोलामागं गेला. इंदूआक्का पदरानं डोळे पुसत होती. त्यानं तिच्या हातातून टॉवेल घेतला, नीट चौघडी घालून गवतावर अंथरला आणि तिचा हात धरून तिला त्यावर बसवलं. मग आमच्या गॅलरीकडं बघून त्यानं तोंड वासलं आणि सकाळी सोप्यात कुणीतरी केली होती तशीच नक्कल केली, आमची. हात हलवत माकडासारखं 'आ आ'. आमची पेठ खवळली.

"गुर्मी बघ बहिऱ्याची," आत्तींच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. इंदूआक्का वळसा घालून आमच्या जवळच्या गोलामागं आली, टॉवेल टाकला आणि त्यावर मांडी घालून बसली. तो टॉवेल पुन्हा वर गेला नाही. आमचे टॉवेल मात्र उठत होते, बसत होते, आणि सयाजी आमच्याकडं ढुंकूनही बघत नव्हता.

आणि तरीही खरी शिट्टी झाली की तो थांबत होता. रेफ्री पाठीमागं असला तरी. फाउल झाला, शिट्टी झाली, सयाजीचा पाय बॉलवर. इतरांइतकाच तत्पर, कधी त्यांच्या आधी. पहिल्यांदा लोकांना योगायोग वाटला. मग कुजबुज सुरू झाली.

"ऐकू येतंय की रं ह्याला," ते शेजारचे गृहस्थ म्हणाले. "इतकी वर्सं गावाला गंडवलं. नाटकं करतंय बेनं."

"तेच की," आत्ती म्हणाल्या. "चांगलं ऐकू येतंय."

मी गृहस्थांकडं बघितलं, मग आत्तींकडं. हेच शब्द मी घरात ऐकत होते. मग मी बॉलकडं बघायचं सोडून दिलं आणि फक्त सयाजीकडं बघायला लागले. तो बबलूकडं बघत होता. बबलूच्या पायांकडं नाही, त्याच्या खांद्यांकडं. शिट्टी झाली की बबलूचे खांदे सैल पडायचे, आणि ते पडायला लागले की सयाजीचा पाय आधीच बॉलवर असायचा.

मी खाली मांडीकडं बघितलं. एवढी हलगी, एवढी आरडाओरड, आणि पूर्वा मैदानाकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या डोळ्यांकडं, मानेकडं.



गोल कुणाचाच झाला नव्हता आणि वेळ संपत आली होती. प्रसन्नजित आमच्या मागच्या पायरीवर येऊन बसला. बबलूच्या खांद्याचं त्याच्याही लक्षात आलं होतं, त्याचं डोकं त्या बाबतीत तल्लख होतं. त्यानं खिशातून शिट्टी काढली. बाजूच्या पोरांना समजावत होता, टॉवेलाला त्यो भीक घालत न्हाई, त्यो बाकीच्यांस्नी बघून थांबतोय. शिट्टी झाली की त्याचीच पोरं थांबतील, ती थांबली की ह्योबी थांबंल. मग बबलू बॉल काढून घेतोय का न्हाई बघा.

बबलूला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सयाजीला मधल्या वर्तुळापाशी बॉल मिळाला. एक खांदा, दुसरा खांदा, आणि तो सुटला. आमचे दोघं त्यानं उभ्या जागी ठेवले. प्रसन्नजितनं शिट्टी वाजवली, जोरात, लांबलचक. गॅलरीभर टॉवेल उठले. बिरोबाची पोरं थांबली. आणि आमचीही थांबली. बबलूनं कमरेवर हात ठेवले. धैर्यशीलनं हातमोजे सैल केले आणि तो खांबापाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडं वळला. अख्खं मैदान उभं होतं.

सयाजीनंही बॉलवर पाय ठेवला. ज्यांच्याकडं बघून तो शिट्टी ओळखत होता ते सगळे थांबले होते. पुन्हा चुकला असता तर लाल कार्ड. त्यानं पूर्ण मान वळवून मागं बघितलं, लांबून पळत येणाऱ्या रेफ्रीकडं. रेफ्रीची शिट्टी मनगटाला लोंबकळत होती. तोंड मिटलेलं होतं.

सयाजीनं डाव्या पायानं बॉल उचलला. धैर्यशील बाटली टाकून वळेपर्यंत जाळं हललं होतं.

रेफ्रीनं मधल्या वर्तुळाकडं हात केला, म्हणजे गोल दिला. आमचा कॅप्टन ओरडत आला, शिट्टी झाली होती, सगळ्यांनी ऐकली. रेफ्री शांतपणे चालत आमच्या गॅलरीसमोर आला.

"मी वाजवली नाही," तो म्हणाला. "कुणी वाजवली तेवढं सांगा. त्याचं नाव सांगा, गोल परत घेतो."

एवढ्या मोठ्या गॅलरीत कुणी तोंड उघडलं नाही. प्रसन्नजित बुटाची नाडी बांधायला वाकला होता.

तोवर सयाजी आमच्यासमोर येऊन उभा राहिला होता. वरून शिव्या पडत होत्या, बाटल्या पडत होत्या. त्यानं कानामागं हात धरला आणि मान पुढं केली. काय म्हणताय? जरा मोठ्यानं बोला. आणि इंदूआक्का त्या घडी घातलेल्या टॉवेलावर बसल्या जागी इतकी हसली, की तिला पदर तोंडात कोंबावा लागला.

तेवढ्यात बिरोबाच्या पोरांनी आमच्या अगदी मागं सुतळी बॉम्बची माळ लावली.

पहिला बॉम्ब उडाला आणि आमच्या पायऱ्यांवरची एकूण एक मान मागं वळली. माझीही वळणार होती. ती मी धरून ठेवली. दात आवळले, डोळे पूर्वाच्या डोळ्यांत रोवले आणि चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. दुसरा बॉम्ब, तिसरा. शेजारचं तान्हं किंचाळून रडायला लागलं. पूर्वानं माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि तिनं बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडात घातला.

आत्तींचे हात कानांवर होते. त्यांनी ते हळूहळू खाली घेतले. माळ अजून वाजत होती. त्या पोरीकडं बघत होत्या, मग माझ्या मानेकडं, मग परत पोरीकडं.

संध्याकाळी सोप्यात माणसं बसली होती, पण चहा कुणी मागितला नव्हता. पराभवाचा राग सयाजीवर निघत होता. बहिऱ्यानं मातीत घातलं, बहिरं बेनं, बहिऱ्याची मस्ती. धैर्यशील दाराशी मान खाली घालून बसला होता. मी पूर्वाला कडेवर घेऊन त्या माणसांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्या सोप्यात तालमीची बैठक असताना घरातली बाई फक्त ट्रे घेऊन यायची.

"माझी पोरगी बहिरी आहे," मी म्हटलं.

आबा अर्धवट उठले. "सूनबाई, हळू. माणसं हाईत."

"माणसं आहेत म्हणूनच बोलते. बहिरा हा शब्द सकाळपासून या घरात चाललाय, तेव्हा कुणी हळू म्हटलं नाही. आता पुढचा जो म्हणेल, त्यानं हिच्याकडं बघून म्हणायचं. तिला ऐकू जाणार नाही, पण बघते ती सगळं. उद्या सकाळी मी तिला मिरजेला नेणार आहे. कुणाला शिक्का म्हणायचं असेल तर म्हणा."

"डॉक्टरांनी घंटी वाजवल्यावर वळली होती की ती," प्रसन्नजित पुटपुटला.

"मी वळले होते," मी म्हटलं. "ती माझ्याकडं बघून वळली. दार वाजल्यावर आपण सगळे वळतो म्हणून ती वळते. आज मी वळले नाही."

"कशावरनं?" आबा म्हणाले. "तू म्हंतीस म्हणून?"

स्वयंपाकघराच्या दारातून आत्ती बाहेर आल्या. त्यांच्या हातात सहाण होती आणि वेखंडाचं खोड होतं. मला वाटलं, परत पोरीला लावायला आल्या. त्यांनी भर बैठकीतून चालत जाऊन ते खोड रस्त्यावरच्या गटारात टाकलं आणि परत आल्या.

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी," त्या आबांना म्हणाल्या. "बॉम्ब फुटत हुतं आणि पोरगी बिस्कूट खात हुती. आता गप बसा."

आबा बसले. मग धैर्यशील उठला, बोटांना अजून लटकत असलेली चिकटपट्टी सोलून काढली आणि माझ्या कडेवरून पूर्वाला घेतलं. "मिरजेची पहिली एसटी किती वाजता असती रं?" त्यानं बबलूला विचारलं. बबलू तिकडचाच होता.

सयाजी पुढं थोडेच हंगाम खेळला, मग त्याचा गुडघा गेला. आजही पेठेत कट्ट्यावर वाद निघतो, आपल्या डोळ्यांदेखत खेळलेला सगळ्यात मोठा खेळाडू कोण. कुणी ब्राझीलला जातो, कुणी अर्जेंटिनाला, कुणी आमच्या तालमीतलं जुनं नाव काढतो. मला कुणी विचारत नाही, तरी मी जाता जाता सांगून जाते, सयाजी गवंडी. म्हातारे चिडतात. वहिनी, वाघजाईची सून असून असं बोलता? एका गोलावर खेळाडू मोठा होत नसतो. मी त्यांना समजावत बसत नाही. गोल तर त्यांनीही बघितला होता.

मिरजेच्या दवाखान्यात जाड गाद्या लावलेली एक लहान खोली होती. पूर्वाला माझ्या मांडीवर बसवलं, शेजारी धैर्यशील. तपासणाऱ्या बाईंनी आमच्या मागं जाता जाता खूण केली, आता आवाज देते. आवाज झाला की मान वळवायची धैर्यशीलची सवय मला माहीत होती. मी डावा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि घट्ट धरला. मागून आवाज आला, मग त्याहून मोठा, मग असा की माझे दात झिणझिणले. माझ्या तळहाताखाली नवऱ्याची मान थरथरत होती, आणि मी ती सोडली नाही.

पूर्वा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत राहिले.